वहिनीचं औषध

सुनीती धुरींच्या मेडिकलमध्ये पहिल्यांदा शिरली ती औषधासाठी नव्हे, आडोशासाठी. मार्चची दुपार, मालवणची बाजारपेठ, हातात आमसुलांची पिशवी… आणि भर रस्त्यात तो जाळ आतून उठला. छातीत, मानेत, कानांच्या पाळ्यांत. कपाळ घामानं भिजलं, समोरची दुकानं हलल्यासारखी वाटली, आणि जे दार आधी दिसलं त्यात ती घुसली.

काउंटरमागे एक गृहस्थ बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, मिशा अर्ध्या पांढऱ्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं एकदा मान वर करून पाहिलं. काय होतंय, पाणी देऊ का, बसा… काहीच बोलला नाही. स्वतःच्या अंगावर वारा घेत होता तो टेबलफॅन त्यानं उचलला, तिच्याकडे वळवला, आणि पुन्हा हातातल्या खोक्यावरचं लेबल वाचायला लागला.

वाऱ्यानं घाम सुकेपर्यंत सुनीती तशीच उभी राहिली. एवढीशी गोष्ट ती काय. पण आयुष्यभर चौकश्यांना उत्तरं देऊन दमलेल्या बाईला, काही न विचारणारा माणूस भेटला तर त्याची नोंद मनात होतेच.

चौकश्या म्हणजे कसल्या, तर लग्न का नाही केलंत इथपासून. सुनीती वालावलकर मालवणच्या हायस्कुलात गणित शिकवायची. आई गेली, मग वडील अंथरुणाला खिळले, भाऊ बांद्याला दुकान काढून राहिला आणि देऊळवाड्यातलं घर सुनीतीच्या गळ्यात पडलं. वडील गेले तेव्हा आरशात केस पिकलेले दिसले. आता वर्गात फळ्याकडे तोंड असताना हा जाळ उठायचा, रात्री चादर भिजायची, झोप उडायची, आणि सकाळी एखाद्या पोराच्या चुकलेल्या बेरजेवर ती अशी खेकसायची की तिची तिलाच लाज वाटायची.

डॉक्टरकडे जायचं तर बायकांच्या डॉक्टरकडे जायला हवं. आणि लग्न न झालेली बाई त्या पायऱ्या चढली, की मालवणात ती बातमी तिच्याआधी घरी पोचते.

उपाय सांगितला बांद्याच्या किशोरीवहिनीनं, फोनवर. "अगो, माझाच औषध घेवन बघ. माका बरा वाटला, तुकाय वाटतला. डॉक्टराकडे कित्याक व्हया?" वहिनीची काही वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढलेली. त्यानंतर गोव्याच्या डॉक्टरनं तिला हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. ती चिठ्ठी तिनं नणंदेला पाठवून दिली. पंधरवडाभर सुनीतीच्या पर्समध्ये ती घडी पडून होती. त्या दुपारी, त्या पंख्यासमोर, तिनं ती बाहेर काढली.

"वहिनीसाठी हव्या होत्या," ती म्हणाली.

त्यानं चष्मा नाकावर आणला. चिठ्ठी वाचली. मग तिच्या ओल्या कपाळाकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली घेतली.

"वहिनींना सांगा, रोज ठरलेल्या वेळेला घ्यायच्या. मध्ये सोडायच्या नाहीत." गोळ्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळत तो म्हणाला, "आणि म्हणावं, भर दुपारी बाजारात फिरू नका."

"वहिनी बांद्याला असते."

"हो ना. ऊन बांद्यालाही असतंच."

सुनीतीनं पुडी घेतली आणि ती तरातरा बाहेर पडली. भरड नाक्यापर्यंत चालत गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण हसतोय.

गोळ्यांनी गुण आला. जाळ विझला, झोप परत आली. दर महिन्याला ती मेडिकलात जायची आणि प्रत्येक वेळी पंखा आधीच तिच्या बाजूला वळलेला असायचा. मालवणात बायका बायकांची औषधं अशीच नेतात. जावेसाठी, नणंदेसाठी, मुंबईच्या मावशीसाठी. दुकानदारालाही ते ठाऊक असतं. तो मान हलवतो आणि कागदात गुंडाळून देतो. मंगेश धुरीही मान हलवायचा. पण तेवढ्यावर थांबायचा नाही.

"वहिनींना झोप लागते का आता?"

"लागते. फक्त पहाटे जाग येते."

"मग काय करतात पहाटे?"

"पडून राहते. कोंबडा आरवला की उठते."

"कुणाची आठवण येत असेल…"

"वहिनी म्हणते, मेडिकलवाले फार चौकश्या करतात."

"त्यांना आवडत नसेल तर बंद करतो, बाई."

सुनीतीनं काउंटरवरच्या काचेवरून बोट फिरवलं. "तसं ती काही… म्हणाली नाही."

पावसाळा असा गेला. वहिनीला अबोली आवडते हे मंगेशला कळलं. वहिनी बांगड्याच्या तिखल्यात जास्त तिरफळं घालते हेही कळलं. आपण आधी औषधकंपनीत होतो, बॅग घेऊन कोल्हापूरपासून गोव्यापर्यंत फिरायचो, बायको गेल्यावर गावाला परत आलो, हे त्यानं वहिनींना सांगा म्हणून सांगितलं. बांद्याच्या किशोरीला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. ती आपल्या दुकानात नारळ मोजत बसली होती.

गणपतीच्या आधी गोळ्या मिळेनाशा झाल्या.

"येत नाहीत," मंगेश म्हणाला. चेहरा उतरला होता. "कंपनीनं हे औषध विकून टाकलं. दुसऱ्या कंपनीनं घेतलंय, पण ती कधी करायला घेईल कोण जाणे."

"विकलं म्हणजे? चालत नव्हतं?"

"चालत होतं की. पण जुनं झालं. आमच्याकडे अशा औषधाला मॅच्युअर म्हणायचे." तो काउंटरवर कोपरं टेकून बसला. "म्हणजे त्याच्यासाठी माणूस फिरवायचा नाही, डॉक्टरांना आठवण करायची नाही. आपोआप खपेल तेवढं खपू द्यायचं. आणि मग एक दिवस अशा जुन्या औषधांची मोळी बांधून दुसऱ्याला द्यायची. हे औषध मी कितीतरी वर्षं विकलं, बाई. त्याला मॅच्युअर ठरवलं तेव्हाच मलाही घरी पाठवलं."

"जुन्या माडासारखं झालं," सुनीती म्हणाली. "खत कोणी घालत नाही. नारळ काढायला मात्र येतात."

"माड काय म्हणतो त्यावर?"

"माड कुठे बोलतो."

"कुणी विचारलं तर बोलेलही…" मंगेश म्हणाला. सुनीतीनं घाईघाईनं छत्री उघडली, ती दुकानातच.

गोळ्या संपल्या आणि जाळ दुपटीनं परतला. गणपतीत आरतीला उभं राहणं तिला जमेना. झोप गेली. सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर एकदा फळ्यावर मांडलेलं गणित अर्ध्यात आठवेना, खडू हातात धरून ती नुसती उभी राहिली. त्या संध्याकाळी ती घरी येऊन खूप रडली. नोकरी हेच तर तिचं स्वतःचं म्हणावं असं एकमेव होतं.

मंगेशला हे तिनं सांगितलं. वहिनीच्या नावावर, अर्थात. "वहिनीला आता काम होत नाही," एवढंच.

दुसऱ्या दिवशी मेडिकल बंद होतं. धुरी पहाटेच स्कूटर काढून म्हापशाला गेलेत, असं शेजारच्या दुकानदारानं सांगितलं. दिवसभर परतीचा पाऊस धो धो कोसळत होता. या पावसात, एवढ्या लांब, स्कूटरवर… सुनीतीचं वर्गात लक्ष लागलं नाही. आपण एका माणसाची काळजी करतोय हे तिला जाणवलं. तिला ते आवडलं, आणि भीतीही वाटली.

नेमक्या त्याच रात्री तिला रक्त दिसलं. दोन वर्षं बंद झालेलं, संपलं म्हणून सोडून दिलेलं. गोळ्या थांबल्यामुळे असेल, होईल बंद, असं तिनं स्वतःला समजावलं. पण सकाळीही ते होतंच.

शाळेत जाताना ती मेडिकलकडे वळली. मंगेश काउंटरमागे बसून सर्दीनं शिंकत होता. तिला पाहून लहान मुलासारखा उठला आणि ड्रॉवरमधून गोळ्यांची पाकिटं काढून काउंटरवर ठेवली.

"म्हापशात एका जुन्या स्टॉकिस्टकडे पडलेल्या होत्या. तारीख बघून घेतल्यात. वहिनींना म्हणावं, आता काही महिने काळजी नाही."

सुनीतीनं पाकिटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याच्या शर्टाच्या बाह्यांवर अजून चिखलाचे डाग होते. "एवढ्या पावसात कशाला…" ती पुटपुटली. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "आणि… एक पॅडचं पाकीट द्या. भाची आलीय."

मंगेशनं पाकीट काढलं. कागद घेतला. गुंडाळता गुंडाळता त्याचा हात थांबला.

भाऊ बांद्याला, त्याला मूल नाही. हे सुनीतीनंच त्याला सांगितलं होतं, वहिनीबद्दल बोलताना. दुसरं भावंड तिला नाही. त्यानं कागद खाली ठेवला, आणि गोळ्यांची पाकिटं परत स्वतःकडे ओढून घेतली.

"बाई, एक विचारतो. चिठ्ठीवर गर्भपिशवी काढल्याचं लिहिलंय. ते… तुमचं आहे ना?"

"चिठ्ठी वहिनीची आहे."

"नाव वहिनीचं असतं. बायका नाव दुसऱ्याचं देतात, ते मला पहिल्या दिवशीच कळलं. मी धरून चाललो की नाव तेवढं खोटं, बाकी सगळं तुमचं. ऑपरेशन तुमचं झालंय का?"

सुनीतीचा चेहरा लाल झाला, आणि या वेळी तो जाळ आतला नव्हता. "तुम्हाला काय करायचंय? गोळ्या द्या. मला शाळेत जायचंय."

"नाही देणार."

"म्हापशाहून माझ्यासाठी आणल्यात ना?"

"तुमच्यासाठी आणल्यात म्हणूनच देत नाही." तो उभा राहिला. "ज्यांची पिशवी काढलीय त्यांना ही एकटी गोळी चालते. ज्यांची आहे, त्यांना सोबत दुसरं औषध लागतं. नाहीतर पिशवीचं अस्तर वाढत जातं, आणि ते वाढू देणं बरं नसतं. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं तर डॉक्टरला दाखवायचंच, बाई. आजच. कुडाळला डॉक्टर अनुजा आहेत. मी येतो सोबत."

"तुम्ही? माझ्याबरोबर? बायकांच्या दवाखान्यात?" ती कडवट हसली. "संध्याकाळपर्यंत देऊळवाड्यात माझी वरात निघेल."

मंगेश पुन्हा खाली बसला. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यानं शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "मार्चमध्येच. माझं काम होतं ते. पण तुम्ही वहिनी म्हणालात, मीही वहिनी म्हणालो, आणि मग… मला ते बोलणं आवडायला लागलं. महिनाभर वाट बघायचो मी. एक प्रश्न सरळ विचारला असता तर ते संपलं असतं. म्हणून नाही विचारला."

गोळ्या न घेता, पॅडचं पाकीट तेवढं पर्समध्ये टाकून सुनीती पायरी उतरली. शाळेपर्यंत पोचली, फाटकाशी थांबली, आणि रजा सांगून एसटी स्टँडकडे वळली. कुडाळच्या गाडीत ती खिडकीशी बसली. गाडी सुटता सुटता मंगेश चढला आणि तिच्याकडे न बघता मागच्या बाकावर जाऊन बसला. अख्खा रस्ता त्याच्या शिंका तिला ऐकू येत होत्या. त्या ऐकून तिला धीर येत होता, हे तिनं त्याला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

दवाखान्यात गर्दी होती. पोटुशा पोरी, त्यांच्या सासवा, दोन ओळखीचे चेहरे. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

सुनीतीच्या तोंडाशी सवयीचं नाव आलं. किशोरी वालावलकर. किती सोपं होतं ते. तिनं मागे पाहिलं. मंगेश दाराशी उभा होता, छत्रीचं पाणी निथळत, तिच्याकडेच बघत.

"सुनीती रामचंद्र वालावलकर," ती मोठ्यानं म्हणाली. "वय एक्कावन्न. लग्न झालेलं नाही."

दोन ओळखीचे चेहरे वळले. वळू देत, असं तिच्या मनात आलं, आणि ती ताठ उभी राहिली.

डॉक्टर अनुजांनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. "औषध वाईट नाही हो. पण दुसऱ्याच्या मापाचं ब्लाउज तुम्ही घातलंत," त्या म्हणाल्या. सोनोग्राफी झाली. अस्तर वाढलेलं दिसत होतं. एक तुकडा काढून तपासणीला पाठवला. काय असेल ते रिपोर्ट आल्यावर कळणार होतं.

बाहेरच्या बाकावर ती मंगेशच्या शेजारी येऊन बसली. आता मागच्या बाकावर बसण्यात अर्थ नव्हता. पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"माझी बायको रात्र रात्र पंख्यासमोर बसायची," मंगेश समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. "मी म्हणायचो, वीजबिल येतं गो. माझ्या बॅगेत याच त्रासाचं औषध असायचं. गावोगावच्या डॉक्टरांना मी तासतास समजावून सांगायचो. घरात काय चाललंय ते नाही कळलं. ती हृदयविकारानं गेली, त्याचा याच्याशी संबंध नव्हता. पण ती उकडून जागी असायची, आणि मी घोरत होतो… ते जात नाही डोक्यातून."

सुनीतीनं त्याच्याकडे पाहिलं. पहिल्या दुपारचा तो वळवलेला पंखा तिला आता पूर्ण कळला. तिला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला. घेतला नाही, पण आपला हात बाकावर, त्याच्या हाताजवळ ठेवला.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. ती रोज मेडिकलात जायची, खोकला नसताना खोकल्याच्या गोळ्या घ्यायची. दोघं फारसं बोलत नसत. वहिनीचं नाव आता कोणी काढत नव्हतं, आणि त्याच्याशिवाय काय बोलायचं ते दोघांनाही येत नव्हतं. पंखा तेवढा तिच्या बाजूला असायचा.

रिपोर्ट चांगला आला. भिण्यासारखं काही नव्हतं. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी दंडाला लावायचं जेल लिहून दिलं, सोबत रात्री घ्यायची कॅप्सूल, आणि दर काही महिन्यांनी तपासणी. चिठ्ठीवर सगळ्यात वर तिचं स्वतःचं नाव होतं.

ती चिठ्ठी घेऊन सुनीती मेडिकलात आली तेव्हा सोमवारचा बाजार भरला होता. दुकानात तिच्या घराशेजारच्या राधाबाई गुडघ्याचं मलम घ्यायला उभ्या होत्या. मंगेशनं सवयीनं पंखा वळवला. सुनीतीनं चिठ्ठी काउंटरवर उघडी ठेवली.

"माझं औषध द्या."

मंगेशनं कागदाकडे नेलेला हात मागे घेतला, आणि जेल नि कॅप्सूल तशीच, न गुंडाळता तिच्यासमोर ठेवली.

"काय गो बाय, बरा नाय?" राधाबाईंनी मान पुढे काढली.

"बरा आसा, राधाबाय. पाळी गेल्यार अंगाची आग होता ना, त्येचा औषध."

राधाबाईंनी ते खोकं हातात घेऊन निरखलं. "त्येका औषध आसता?" त्या हळू म्हणाल्या. "माका कोणी सांगूकच नाय. मी वल्या फडक्यान तोंड पुसून दिवस काढलंय." मग मलम कमरेला खोचून, सुनीतीच्या दंडावर एकदा हात ठेवून त्या निघून गेल्या. ही बातमी आता देऊळवाड्यात सुनीतीच्या आधी पोचणार होती.

दुकान रिकामं झालं. मंगेशनं खोकी उगाच इकडची तिकडे केली. मग जुनी सवय तोंडावर आली.

"वहिनींना… एक विचारायचं होतं."

"वहिनी बांद्याक आसा," सुनीती म्हणाली. इतके महिने या काउंटरवर त्याच्याशी ती पुस्तकातलं मराठी बोलत आली होती. आज तिला घरातली बोली आली. "तिका कित्याक? माका इचारा."

मंगेशनं चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली आणला. गोव्यापर्यंतच्या डॉक्टरांना औषधं पटवून दिलेला माणूस, पण आज तो काउंटरच्या काचेकडे बघूनच बोलायला लागला.

"घर माका एकट्याक मोठा पडता," तो म्हणाला. "दोन खोल्यो, एक पडवी. पंखो एकच आसा… तो तुमच्याच बाजूक ऱ्हवात. रात्री कितीव येळा उठलास तरी मी इचारीन, काय होता म्हणान. झोपान ऱ्हवूचंय नाय." तो थांबला. "येशात?"

बाहेर बाजारातून कोणीतरी भाव ओरडत होतं. सुनीतीनं काउंटरवरचं आपलं औषध उचललं, पर्समध्ये ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायची तिला घाई नव्हती.

"येतलंय," ती म्हणाली. "पण वहिनीच्या नावान नाय."

मंगेशच्या कपाळावर घाम डवरला होता. सुनीतीनं काउंटरवरून हात लांब केला आणि पंखा त्याच्याकडे वळवला.